तिसऱ्या वर्षाची चिनी

चिनी भाषेचा पहिल्या सत्राचा वर्ग सहसा भरलेला असतो. चार सूर, स्वतःचे चिनी नाव, घरातल्या माणसांची ओळख, बाजारात भाव विचारणे, एवढे चार-सहा महिन्यांत जमू लागते आणि विद्यार्थ्याला हुरूप येतो. दुसऱ्या वर्षी बाके रिकामी दिसू लागतात. तिसऱ्या वर्षी बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी उरतात. आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांत तर तिसरे वर्ष असे काही नसतेच. प्रमाणपत्र, पदविका, फार तर उच्च पदविका, आणि त्यापुढचे ज्याचे त्याने पाहावे.

या लेखात आढावा घ्यायचा आहे तो या पुढच्या टप्प्याचा. प्राथमिक चिनी आता कोणालाही शिकता येते. ॲप आहेत, यूट्यूब आहे, गल्लोगल्ली वर्ग आहेत. त्यापुढची चिनी मात्र विद्यापीठाशिवाय शिकणे फार कठीण, आणि विद्यापीठे नेमकी तिथेच हात आखडता घेतात. माझ्या मते याचे मूळ एका गैरसमजात आहे. प्राथमिक अभ्यासच आणखी दोन वर्षे ताणला की उच्च पातळी गाठता येते, असे अभ्यासक्रम आखणारे धरून चालतात. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्षापासून एक निराळा अभ्यास सुरू होतो आणि त्याच्या गरजाही निराळ्या असतात.

आधी वेळेचा हिशेब पाहू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषासंस्था आहे. परदेशी नेमणूक झालेल्या अधिकाऱ्यांना ती भाषा शिकवते, आणि कोणत्या भाषेला किती वेळ लागतो याचा तिचा अनुभव कित्येक दशकांचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला कामकाजापुरते प्रावीण्य मिळवायला ती स्पॅनिशसाठी सुमारे 30 आठवडे धरते, हिंदीसाठी 44 आणि चिनीसाठी 88 आठवडे, म्हणजे 2,200 तास. हे नुसते वर्गातले तास झाले. घरचा अभ्यास वेगळा, आणि दुसरे वर्ष शक्यतो चिनी बोलणाऱ्या प्रदेशातच काढायचे असते.

याच्या शेजारी विद्यापीठाचे वेळापत्रक ठेवा. आठवड्याला पाच तास आणि वर्षाला 30 आठवडे धरले तर वर्षाचे 150 तास होतात, चार वर्षांचे 600. आपल्याकडे नोकरी किंवा दुसरी पदवी सांभाळून संध्याकाळी पदविका करणाऱ्याच्या वाट्याला यापेक्षाही कमी तास येतात. म्हणजे मनापासून अभ्यास करणारा, एकही तास न चुकवणारा विद्यार्थीसुद्धा अभ्यासक्रम संपतो तेव्हा सुमारे पाव वाटेवरच असतो. त्याला वाटते आपल्याला भाषा जमत नाही. खरे तर त्याला पुरेसा वेळच दिलेला नसतो.

परीक्षांच्या पातळ्यांनी या गोंधळात भरच घातली. चीन सरकारची एचएसके ही परीक्षा जगभर मानली जाते. 2010 च्या सुमारास तिची जी रचना झाली तिच्यात सहा पातळ्या होत्या. चौथीला 1,200 शब्द, पाचवीला 2,500, सहावीला 5,000. सहावी पातळी म्हणजे युरोपीय मापनातली सर्वोच्च पातळी, असा दावा तेव्हा केला गेला. जर्मनीतल्या चिनी शिक्षकांनी त्याला जाहीर हरकत घेतली. त्यांच्या मते ही फार तर मध्यम पातळीच्या वरची पायरी होती. 2021 मध्ये चीनने नवे मानक आणले. त्यात नऊ पातळ्या आहेत आणि शब्दसंख्या 11,092. सातवी ते नववी या वरच्या पातळ्यांची परीक्षा 2022 च्या अखेरीस प्रथम झाली. जुनी सहावी पातळी हे शिखर नव्हते, याची ही कबुलीच म्हणायची. आपल्याकडच्या जाहिराती मात्र अजून 'चौथी पातळी उत्तीर्ण' म्हणजे भाषा आली असेच सांगतात.

चौथ्या पातळीच्या विद्यार्थ्यापुढे वर्तमानपत्र ठेवले की काय होते ते जवळून पाहू. चिनी लिपीतली सर्वांत नेहमीची 2,500 अक्षरे ओळखता आली तर सर्वसाधारण मजकुराचा सुमारे 98 टक्के भाग ओळखीचा होतो. 3,500 ला हे प्रमाण साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास जाते. शंभरात दोनच अक्षरे अडली तर काय बिघडले, असे कोणालाही वाटेल. पण चारशे अक्षरांच्या पानावर अशी आठ अक्षरे होतात, आणि ती बहुधा नेमकी जिथे वाक्याचे मर्म असते तिथेच बसलेली असतात. एखादे क्रियापद, एखाद्या रोगाचे नाव, एखादी कायद्यातली संज्ञा. शिवाय अक्षर ओळखले म्हणजे शब्द कळला असे होत नाही. आधुनिक चिनीतले बहुतेक शब्द दोन अक्षरांचे असतात आणि छापलेल्या मजकुरात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. कुठे एक शब्द संपला आणि दुसरा सुरू झाला हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे.

त्यात परकी नावे आली की दमछाक होते. चिनी लिपीत उच्चारासाठी वेगळी चिन्हे नाहीत, म्हणून बाहेरच्या नावांसाठी अर्थ असलेली अक्षरेच केवळ ध्वनीसाठी वापरली जातात. मुंबई होते 'मंग-माय'. यातले दुसरे अक्षर 'विकत घेणे' या अर्थाचे, पहिल्याच सत्रात शिकलेले. हे शहराचे नाव आहे हे ज्याला ठाऊक नाही तो विद्यार्थी वाक्यात कोणी काय विकत घेतले ते शोधत बसतो. पुणे होते 'फू-ना'. टिळक 'थी-ला-ख' होतात. आपल्याच गावांची आणि माणसांची नावे आपल्यालाच ओळखता येत नाहीत, हा अनुभव मराठी विद्यार्थ्याला याच टप्प्यावर येतो. शब्दकोश इथे फारसा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते भरपूर वाचन, आणि भरपूर वाचन करायला अभ्यासक्रमात वेळ ठेवलेला नसतो.

याहून मोठी अडचण लेखी भाषेची. बोलण्यातली चिनी आणि छापील चिनी यांत जे अंतर आहे त्याची कल्पना आपल्याला सरकारी परिपत्रकावरून यावी. 'सदरहू', 'उपरोक्त', 'सबब', 'तत्संबंधी' हे शब्द घरात कोणी बोलत नाही, पण ते कळल्याशिवाय सातबाऱ्याच्या भानगडीतली एक ओळ उलगडत नाही. चिनीत ही गोष्ट परिपत्रकापुरती राहत नाही. अग्रलेख, संशोधनपर निबंध, करार, समारंभातले भाषण, शोकसंदेश, सगळीकडे प्राचीन चिनीतले छोटे छोटे शब्द आणि जुन्या वाक्यरचना पेरलेल्या असतात. जोडीला चार अक्षरी वाक्प्रचार. 'शौ चू ताय थू' हा त्यातला एक. झाडाच्या बुंध्यावर आपटून ससा मेला आणि शेतकऱ्याला तो फुकट मिळाला, तेव्हापासून तो शेत सोडून बुंध्यापाशी दुसऱ्या सशाची वाट पाहत बसला. ही गोष्ट इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या हान फेइ याच्या ग्रंथातली. चिनी लेखक ती सांगत बसत नाही, चार अक्षरे लिहून पुढे जातो. असे शेकडो वाक्प्रचार सुशिक्षित चिनी माणसाच्या हाताशी असतात.

या दोन थरांचा प्रत्यक्ष अनुभव घ्यायचा तर लू श्यून यांची 'खोंग ई-ची' ही कथा वाचावी. ती 1919 मध्ये 'नवतारुण्य' या मासिकात आली आणि आज जगभरच्या विद्यापीठांत तिसऱ्या-चौथ्या वर्षाला लावलेली दिसते. कथा अगदी छोटी, छापील चार-पाच पानांची. एका गावातल्या दारूच्या गुत्त्यावरचा पोऱ्या ती सांगतो. खोंग हा परीक्षेत कधीच उत्तीर्ण न झालेला, कफल्लक, पण विद्वत्तेचा अभिमान न सोडणारा माणूस. तिथे हमाल-मजूर उभ्याने दारू पितात आणि लांब झग्यातले प्रतिष्ठित लोक आत बसून. लांब झगा घालून उभ्याने पिणारा एकटा खोंगच. लू श्यून यांनी हा माणूस उभा केला आहे तो त्याच्या तोंडच्या भाषेतून. पोऱ्या आणि गिऱ्हाइके साधी बोलभाषा बोलतात. चोरीवरून कोणी छेडले की खोंग लाजेने लाल होतो आणि प्राचीन चिनीतले प्रत्यय-अव्यये बडबडू लागतो. लोक हसतात. बडीशेपेच्या स्वादाच्या उकडलेल्या दाण्यांच्या नावातले एक अक्षर चार तऱ्हांनी लिहिता येते, हे तो त्या पोऱ्याला मोठ्या उत्साहाने शिकवायला जातो आणि पोऱ्या कंटाळून दूर जातो. शेवटी पाय मोडलेला खोंग हातांवर सरपटत येतो, तेव्हाही गुत्तेवाल्याला आठवण असते ती त्याच्याकडे राहिलेल्या 19 पैशांची.

इंग्रजी भाषांतरात ही कथा कळते, हेलावूनही टाकते. पण खोंगचे बोलणे तिथे फक्त 'अगम्य' म्हणून येते. मुळात ते अगम्य नाही. ते हजारो वर्षे राज्य केलेल्या विद्येचे तुकडे आहेत, आणि ते गुत्त्यातल्या कोणालाही कळत नाहीत यात त्या काळाची सगळी शोकांतिका आहे. हे कळायला विद्यार्थ्याला थोडी प्राचीन चिनी यावी लागते. म्हणूनच चांगल्या विद्यापीठांत तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी प्राचीन चिनीची ओळख सक्तीची असते. आधुनिक चिनी नीट वाचता यावी म्हणूनच ती तिथे ठेवलेली असते, केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी नव्हे. आपल्याकडच्या पदविकांमध्ये तिचा मागमूस नसतो.

राजकीय मजकुराचे शास्त्र आणखी वेगळे. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या आणि सरकारच्या दस्तऐवजांत ठरावीक शब्दप्रयोग वर्षानुवर्षे जसेच्या तसे येतात. अर्थ असतो तो त्यात झालेल्या बदलात. मे 2020 मध्ये पंतप्रधान ली ख-छ्यांग यांनी वाचलेल्या वार्षिक अहवालात तैवानच्या एकीकरणाचा उल्लेख करताना 'शांततापूर्ण' हे विशेषण आले नाही आणि जगभरच्या निरीक्षकांचे कान टवकारले. न आलेला शब्द लक्षात यायला आधीच्या वर्षांचे अहवाल मूळ भाषेत वाचलेले असावे लागतात. निवृत्त परराष्ट्र सचिव विजय गोखले यांची चीनविषयीची पुस्तके वाचताना हा फरक जाणवतो. चिनी भाषा जाणणारा आणि चीनमध्ये काम केलेला माणूस लिहीत असतो तेव्हा त्याला बातमीच्या मागचे दिसते.

मराठी विद्यार्थ्याला चिनी उच्चारांत जन्मजात सवलत आहे, हे इथे सांगायला हवे, कारण त्याबद्दल फार कमी बोलले जाते. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे भेद अर्थ बदलणारे आहेत. युरोपीय विद्यार्थी त्यांत महिनोन्‌महिने अडकतो. आपल्याला ते लहानपणापासून येतात. शिवाय 'चाक' आणि 'चमचा' यांतला दंत्य च मराठीत आहे, प्रमाण हिंदीत नाही. चिनीतला एक नेहमीचा वर्ण जवळजवळ तोच आहे. सूर सोडले तर पहिल्या वर्षाचा बराच डोंगर आपण चढूनच जन्माला येतो. पण ही सवलत तिथेच संपते. तिसऱ्या वर्षी सगळे एकाच पायरीवर असतात, आणि तिथून पुढे वाचन हाच एक रस्ता.

पुण्यात हा रस्ता एकेकाळी तुडवला गेला होता. फर्ग्युसन महाविद्यालयातले पालीचे प्राध्यापक पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी 1930 च्या दशकात 'विमुत्तिमग्ग' या बौद्ध ग्रंथावर काम केले. त्याचे पाली मूळ हरवले आहे, आणि पूर्ण ग्रंथ टिकला तो सहाव्या शतकात झालेल्या चिनी भाषांतरात. बापटांनी चिनी मजकूर बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'शी ताडून पाहिला आणि तो तुलनात्मक अभ्यास 1937 मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाला. पुढे विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांच्या, एका टीकेचे चिनी रूप त्यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्यासोबत इंग्रजीत आणले. ते 1970 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने छापले. फर्ग्युसनचेच वा. वि. गोखले चिनी आणि तिबेटी भाषांतरांवरून बौद्ध ग्रंथांचा अभ्यास करत होते. या माणसांपुढे एचएसके नव्हती, ॲप नव्हते, चीनला जाऊन राहण्याची सोय नव्हती. त्यांच्यापुढे एक ग्रंथ होता, तो वाचायचा होता, आणि तो दुसऱ्या कोणत्याही भाषेत नव्हता. तिसऱ्या वर्षाच्या चिनीला नेमके हेच लागते.

पुण्याचेच वसंत वासुदेव परांजपे 1940 च्या दशकाच्या अखेरीस भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात शिकले. 1954 मध्ये नेहरू माओंना भेटले तेव्हा दुभाषाचे काम त्यांनी केले. त्याच्या आधी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि चिनी भाषा आत्मसात करून तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. 1942 मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांची गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. प्रौढ वयात, युद्धाच्या धामधुमीत, व्यवसायाच्या पातळीची भाषा कमावल्याचीही ती गोष्ट आहे.

देशपातळीवर सुरुवात बंगालने केली. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात 14 एप्रिल 1937 रोजी चीना भवनाचे उद्घाटन झाले. त्याचा संसार थान युन-शान या चिनी विद्वानाने उभा केला, आणि चीनमधून आलेला मोठा ग्रंथसंग्रह हे त्याचे बळ होते. 1948 पासून संरक्षण खात्याची परकीय भाषांची शाळा दिल्लीत चालते. मग 1962 चे युद्ध झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1964 मध्ये, दिल्ली विद्यापीठात चीन-अभ्यासाचे केंद्र निघाले. शेजाऱ्याला ओळखण्यात आपण कमी पडलो, ही जाणीव त्यामागे होती. पण त्याच काळात राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत तीनेक हजार भारतीय चिनी माणसांना डांबले गेले, आणि दोन्ही देशांचे राजदूत 1976 पर्यंत परतले नाहीत. भाषेचा विद्यार्थी त्या देशात जाऊच शकत नव्हता. एक अख्खी पिढी चीन न पाहता चिनी शिकली आणि शिकवू लागली. त्या शिक्षकांनी जे केले त्याबद्दल मला आदर आहे. थान युन-शान यांचे चिरंजीव थान चुंग यांनी दिल्ली विद्यापीठात आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी घडवले ते याच परिस्थितीत. नेहरू विद्यापीठातली चिनीची पदवी आणि पदव्युत्तर पदवी आजही देशातला सर्वांत भक्कम अभ्यासक्रम आहे, कारण तिथे चिनी हाच मुख्य विषय आहे, जोडविषय नाही. तिथले प्राध्यापक बी. आर. दीपक यांनी चिनी कविता थेट हिंदीत आणली. मराठीत आजही चिनी साहित्य बहुतांशी इंग्रजीच्या वाटेने येते.

2020 नंतर जुना पेच पुन्हा पडला. कोविडमुळे चीनने सीमा बंद केल्या आणि भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसा पुन्हा मिळू लागला तो ऑगस्ट 2022 अखेर. थेट विमाने सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला. गलवानच्या चकमकीनंतर मुंबई विद्यापीठासह काही ठिकाणच्या, चीनच्या मदतीने भाषा शिकवणाऱ्या कन्फ्यूशियस संस्थांची केंद्राने फेरतपासणी सुरू केली. त्या संस्थांविषयीच्या शंका अनाठायी होत्या असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या जागी आपले शिक्षक आणि आपला अभ्यासक्रम उभा करायला हवा होता, आणि ते झाले नाही. शैक्षणिक धोरणाच्या 2019 च्या मसुद्यात परकीय भाषांच्या यादीत चिनी होती. 2020 च्या अंतिम मजकुरात कोरियन, जपानी, थाई, पोर्तुगीज आहेत, चिनी नाही. दुसरीकडे 2023 मध्ये सैन्याने जवानांना चिनी शिकवण्यासाठी तेजपूर विद्यापीठाशी करार केला. अभ्यासक्रम 16 आठवड्यांचा. वर दिलेला 88 आठवड्यांचा आकडा इथे आठवावा. सीमेवर ओरडून बोलण्यापुरती भाषा 16 आठवड्यांत येईलही. पकडलेला कागद वाचण्याइतकी येणार नाही.

चीनमध्ये शिकणाऱ्या भारतीयांचे काय, असे कोणी विचारेल. कोविडपूर्वी तिथे 20 हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. बहुतेक सगळे इंग्रजी माध्यमातून डॉक्टर होण्यासाठी गेलेले. चीनच्या 2018 च्या नियमाप्रमाणे अशा विद्यार्थ्यांनाही पदवीपर्यंत चौथी पातळी गाठावी लागते, म्हणजे रुग्णाची विचारपूस करण्याइतकी भाषा येते. पाच-सहा वर्षे त्या देशात राहून आलेल्या या तरुणांना कोणी त्यापुढचे शिकवले असते, तर आज आपल्याकडे चिनी वैद्यकीय नियतकालिके वाचणारे डॉक्टर असते.

चीनमध्ये राहणे पुरेसे नाही, तिथे काय केले जाते ते महत्त्वाचे. अमेरिकी विद्यापीठांनी 1963 मध्ये तैपेईत एक संयुक्त केंद्र काढले. तेव्हा मुख्य भूमीचे दार बंद होते. 1997 मध्ये ते बीजिंगच्या छिंगहुआ विद्यापीठात गेले. प्राथमिक विद्यार्थ्याला तिथे प्रवेशच नाही. एका वर्गात फार तर तीन विद्यार्थी, रोज एक तास शिक्षकासमोर एकट्याने, आणि प्रत्येकाच्या संशोधनाच्या विषयाप्रमाणे वाचन. कायद्याचा विद्यार्थी निकालपत्रे वाचतो, इतिहासाचा जुनी हस्तलिखिते. अमेरिकेतल्या चीन-अभ्यासकांच्या दोन-तीन पिढ्या या केंद्रातून गेल्या आहेत. 1993 पासून प्रिन्स्टन विद्यापीठ बीजिंगमध्ये आठ आठवड्यांचे शिबिर घेऊ लागले. तिथे विद्यार्थी इंग्रजीचा एक शब्दही न बोलण्याची लेखी शपथ घेतात आणि दोन महिन्यांत वर्षाचा अभ्यास करतात. यातले काहीही फार खर्चिक किंवा अद्भुत नाही. कोणासाठी आणि कशासाठी, हे ठरवलेले आहे एवढेच. पण अमेरिकेतही ओहोटी आहे. तिथल्या महाविद्यालयांतली चिनीची पटसंख्या 2013 मध्ये सुमारे 61 हजार होती, 2016 मध्ये 53 हजारांवर आली आणि त्यानंतरही घसरली.

आपल्याला बीजिंगइतकेच तैपेईचे दार उघडे आहे. तैवानने 2011 पासून भारतातल्या विद्यापीठांत भाषाकेंद्रे काढली आहेत, शिष्यवृत्त्याही आहेत. तिथे जुनी, सोपी न केलेली अक्षरे चालतात. विद्यार्थी आणि पालक याला तोटा समजतात. मला हा फायदा वाटतो. चीनने अक्षरे सोपी केली ती 1956 पासून. त्याआधीचे सगळे छापील आणि हस्तलिखित चिनी, तसेच हाँगकाँग आणि तैवानमधले आजचेही, जुन्याच अक्षरांत आहे. जुन्यावरून नवी अक्षरे शिकायला काही आठवडे पुरतात, उलट दिशेने जास्त कष्ट पडतात.

आता नोकरीचा प्रश्न, कारण तिसरे वर्ष रिकामे पडण्याचे ते सर्वांत साधे कारण आहे. चाकणला सॅनी या चिनी कंपनीचा कारखाना आहे, रांजणगावला हायर या दुसऱ्या चिनी कंपनीचा. यंत्र बसवायला आलेला चिनी अभियंता आणि आपला पर्यवेक्षक यांच्यामध्ये उभे राहायला चौथी पातळी पुरते, आणि पगारही बरा मिळतो. मग पुढे कोण शिकेल? इतकी वर्षे हा प्रश्न बिनतोड होता. आता तो राहिलेला नाही, कारण ठीकठाक दुभाषाचे आणि साध्या पत्राच्या भाषांतराचे काम फोन करू लागला आहे. मध्यम पातळीची भाषा हीच यंत्राने सर्वांत आधी गिळली. करारातली संदिग्धता ओळखणारा, न आलेला शब्द टिपणारा, भाषांतर यंत्राचे कुठे चुकले ते सांगू शकणारा माणूस मात्र अजून लागतो, आणि तो तिसऱ्या वर्षाच्या पुढेच तयार होतो. व्यवहाराच्या दृष्टीनेसुद्धा अर्ध्यावर थांबणे आता परवडणारे नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा वर्ग एकेका विद्यापीठाने चालवण्याचा हट्ट सोडावा. पुण्यात चार विद्यार्थी, मुंबईत पाच, नागपुरात दोन, असे असतील तर तिघांनी मिळून एक वर्ग आणि दोन पूर्णवेळ शिक्षक ठेवावेत. श्रेयांक एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेण्याची सोय आता कायद्याने आहे. इतक्या थोड्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग चालवणे ही उधळपट्टी आहे असे म्हणणाऱ्यांनी बापटांचे विद्यार्थी किती होते ते विचारावे.

दुसरी गोष्ट वाचनाची. चिनी यात्रेकरू ह्वेनत्सांग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला. दुसऱ्या पुलकेशीचे राज्य, इथल्या माणसांचा स्वाभिमान, उपकार न विसरण्याचा आणि अपमानाचा सूड घेण्याचा त्यांचा स्वभाव, हे सगळे त्याच्या वृत्तांतात आहे, आणि डोंगरातल्या कोरीव विहाराचे वर्णनही आहे, जे अभ्यासक अजिंठ्याचे मानतात. हा वृत्तांत 646 मध्ये पूर्ण झाला. आपली पाठ्यपुस्तके तो एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी भाषांतरांवरून उद्धृत करतात. महाराष्ट्रावरचे ते प्रकरण जेमतेम एक-दोन पानांचे आहे. डेक्कन कॉलेज किंवा भांडारकर संस्थेच्या साहाय्याने तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक सत्रभर ते मूळ चिनीतून वाचायला लावता येईल, आणि त्याचे टिपांसह मराठी भाषांतर करवून घेता येईल.

आणि ज्या विद्यार्थ्याच्या हातात पदविकेचे कागद आहेत, पुढे वर्ग नाही आणि चीनला जाण्याचे पैसेही नाहीत, त्याने शब्दांच्या याद्या पाठ करणे थांबवावे. आपल्या मूळ विषयातले, मग तो शेती असो, वैद्यक असो की इतिहास, एक चिनी पुस्तक निवडावे, आणि रोज अर्धे पान का होईना, ते शेवटपर्यंत वाचावे. बरोबर वाचायला एक सोबती मिळाला तर उत्तम. पहिली वीस पाने फार जड जातील. त्याच लेखकाचे तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटू लागले की पुढची सोपी होतात.